मूठ गावची

आमच्या दिवाळे गावात लोखंड कधी पिकलं नाही. शेतात भात पिकलं, आगरात मीठ पिकलं, खाडीनं मासळी दिली. पण ज्या लोखंडानं भात कापायचं आणि मासळी चिरायची, ते दर वेळी बाहेरूनच आलं. कधी गलबतातून, कधी रेल्वेनं, तर कधी मोडक्या ट्रकच्या चाकावरच्या कमानीतून. गावात तयार व्हायची ती फक्त मूठ.

गेली पंचवीसेक वर्षं मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि मासळीच्या कोयत्या घडवतो. सुरी हातात घेतली की माणूस आधी पात्यावर नख लावून बघतो. "पोलाद कुठलं हो?" हा पहिला प्रश्न. जर्मन की जपानी, हा दुसरा. मुठीबद्दल कुणी विचारत नाही. फार तर "लाकूड छान आहे" म्हणतात. इतिहासाचंही तसंच झालंय. तलवारींची वर्णनं मिळतात, त्यांची नावंसुद्धा मिळतात. घरात रोज लागणाऱ्या मोरळीची, कोयतीची नोंद कुणी ठेवली नाही, मग तिच्या मुठीची कोण ठेवणार? ती थोडीशी ठेवावी म्हणून हे लिहितोय.

दिवाळे कुठे, ते आधी सांगतो. सीबीडी बेलापूर स्टेशनावर उतरून खाडीच्या बाजूला आलात की उंच इमारतींच्या पाठीमागे आमचा कोळीवाडा लागतो. जेटी, मासळी बाजार, दाटीवाटीची घरं. जवळच बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. पनवेल खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे आमच्या खाडीनं तीन राज्यांच्या तलवारी बघितल्या.

त्या तलवारींची एक गंमत आहे. सतराव्या शतकात मराठी मुलखात जी तलवार नावाजलेली होती तिला 'फिरंग' म्हणत. फिरंग्यांकडून आलेली म्हणून फिरंग. लांब, सरळ पातं युरोपात घडायचं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरायचं. मूठ मात्र इकडचे कारागीर बसवायचे. मुठीच्या पोकळीत लाख वितळवून भरायची आणि त्यात पात्याची मागची शेपटी रोवायची. लाख थंड झाली की पातं घट्ट. माणसाच्या पंजाचं माप, त्याची मनगट फिरवायची सवय, ही इकडची होती. म्हणून पातं परमुलखातलं चाललं, पण मूठ इकडचीच लागली. मला वाटतं, आमच्या धंद्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आला.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे लोखंड नव्हतं काय? होतं. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्या दगडातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळायचे. दक्षिणेत तर 'वुट्झ' नावानं जगभर गाजलेलं पोलाद व्हायचं. त्याचे नमुने १७९४ च्या सुमारास मुंबईच्याच एका डॉक्टरनं, हेलेनस स्कॉटनं, लंडनला पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट नावाचा सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर होता. त्याला हे पोलाद धारेसाठी फार आवडलं. पुढे त्यानं मायकेल फॅरडेला जोडीला घेऊन पोलादावर प्रयोग केले, ते १८२० च्या आसपास. विजेचे शोध लावणारा तोच फॅरडे. पण त्याच शतकात विलायती लोखंडाच्या पट्ट्या स्वस्तात मुंबई बंदरात उतरू लागल्या, इकडे जंगलावर सरकारी बंधनं आली, कोळसा मिळेना, आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. धावडांच्या भट्ट्या विझल्या तरी गावोगावच्या लोहारांच्या पेटलेल्याच राहिल्या. लोहार विलायती पट्टीवर काम करू लागला. पुढे साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, १९१२ मध्ये टाटांच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागलं. मग ते आलं. लोखंडाचं गाव बदलत गेलं, लोहाराचं बदललं नाही.

आमच्या लहानपणी बेलापूर पट्टीत तीन-चार गावांना मिळून एक लोहारसाळ होती. मी १९६१ चा. म्हणजे मी बघितलेली साळ ही त्या जुन्या व्यवस्थेची शेवटची वर्षं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिलं, त्यात बारा बलुतेदारांची सगळी मांडणी आहे. लोहारानं वर्षभर कुणब्याची अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. आमच्या कोळ्यांकडे धान्य थोडं. आम्ही लोहारकाकांना सुकट द्यायचो, सुके बोंबील द्यायचो. भरतीच्या दिवसांत ताजा वाटा. पैशाचं नाव नव्हतं असं नाही, पण हिशेब जिभेवर असायचा.

काकांचं काम बघत मी तासन् तास उभा राहायचो. काकी भाता ओढायच्या. भट्टीत पट्टी केशरी झाली की काका सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचे आणि मुलगा घण घालायचा. काकांच्या हातातली छोटी हातोडी नुसती वाट दाखवायची. ती टिक् करून वाजली त्या जागी घण पडायचा. कोयतीचं पातं आकाराला आलं की धारेची बाजू परत तापवून पाणी द्यायचं. 'पाणी देणं' हा शब्द आपल्याकडे किती सहज आहे बघा. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग तो ठिसूळपणा काढायला पुन्हा हलकीशी ऊब द्यायची. पातं घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्यावर धरायचं. त्यावर आधी वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळट रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळ्यावर थांबायचं. कोयतीनं हाड तोडायचं असतं, म्हणून तिला थोडं पुढे तपकिरीपर्यंत जाऊ द्यायचं. काकांकडे थर्मामीटर नव्हता. संध्याकाळच्या उजेडात रंग चांगला दिसतो म्हणून पाणी द्यायचं काम ते दिवस कलल्यावर करायचे.

आणि मग मूठ. बाईला कोयती करून हवी असली तर काका तिला घेऊन यायला सांगायचे, नवऱ्याच्या हाती निरोप चालायचा नाही. बाई आली की एक लाकडाचा दांडा तिच्या हातात द्यायचे. "आवळ." बाईनं मूठ आवळली की बोटांची टोकं तळव्याला कुठे लागतात ते बघायचे आणि दांड्यावर कोळशानं खूण करायचे. बोटं तळव्यात रुतली तर दांडा बारीक. बोटं तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत तर दांडा जाड. मग चिंचेचा नाहीतर बाभळीचा तुकडा तासून, त्याला भोक पाडून, पात्याची शेपटी लाल करून त्यात ठोकायचे. धूर निघायचा, जळक्या लाकडाचा वास सुटायचा. तोंडावर पितळेची कडी, म्हणजे शेंबी. ती लाकूड फाटू देत नाही.

हल्ली शहरात 'कस्टम' सुरी म्हणतात. तुमच्या हाताच्या मापाची, तुमच्या कामाची, एकच नग. ही काहीतरी नवी चैन आहे असं सांगतात. आमच्या गावात दुसऱ्या कुठल्या प्रकारची सुरी असते हेच आम्हाला १९७० पर्यंत माहीत नव्हतं.

अर्थात आमच्या घरात मूठवालं हत्यार कमीच होतं. स्वयंपाकघरात राज्य मोरळीचं. पुस्तकात विळी लिहितात, आम्ही मोरळी म्हणतो. पाटावर उभं वाकडं पातं, पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे. जगात बहुतेक ठिकाणी पदार्थ स्थिर असतो आणि सुरी हलते. मोरळीवर पातं स्थिर आणि कोलंबी, बोंबील, कांदा, नारळ हे हलतात. एका हातानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढायचं. निसरडा मासा दोन्ही हातांत धरता येतो, हा तिचा मोठा गुण. मोरळीला मूठ नाही असं म्हणतात, मला ते पटत नाही. मोरळीचा पाट हीच तिची मूठ, फक्त ती पायानं धरायची. आईची मोरळी आजीला नीट बसायची नाही, कारण पाटाची उंची आईच्या गुडघ्याच्या हिशेबानं होती.

१९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन ठरली. आमच्याकडे मोजणीचे खांब आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला आणि मुंबई एकदम जवळ आली. त्यानंतरचं पुष्कळांनी लिहिलंय. जमिनी गेल्या, मोबदल्याचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. १९८४ च्या जानेवारीत उरणच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. हे सगळं आमच्या पट्टीच्या रक्तात आहे, मी नव्यानं काय सांगणार.

मला सांगायचंय ते विळ्याचं. शेत गेलं तसा भात कापायचा विळा गेला. नांगराचा फाळ गेला. गाडीची धाव गेली. लोहाराच्या वर्षभराच्या कामातलं तीन चतुर्थांश काम दोन-तीन वर्षांत उडालं. होडीचे खिळे आणि आमच्या कोयत्या यांवर साळ चालेना. मोबदल्याचा विषय निघाला की सातबारा बघायचे. सातबाऱ्यावर जमीन लिहिलेली असते, कसब लिहिलेलं नसतं. काकांचा मुलगा एसटीत लागला. बरंच झालं त्याचं. काका गेल्यावर ऐरण भंगारात वजनावर गेली.

मग काही वर्षं घिसाडी यायचे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकायचे, जमिनीत छोटी ऐरण रोवायची, गाढवं बाजूला बांधलेली. त्यांच्यात पुरुष सांडशी धरतो आणि बाई घण मारते. पोर पाठीला बांधून घण मारणाऱ्या बाया मी बघितल्यात. ते ट्रकच्या कमानीचे पाटे वापरायचे. ते पोलाद खरंच चांगलं. साध्या लोखंडी पट्टीत कर्ब पाव टक्क्याहून कमी, त्यामुळे तिला कितीही पाणी द्या, ती कडक होत नाही. कमानीच्या पाट्यात तो अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, त्यामुळे धार धरते आणि लवचीकही राहते. पण घिसाड्याचं पाल आज इथे, उद्या तिथे. त्यांची कोयती तयार मिळायची. बाईचा हात बघून मूठ करायला त्यांना थांबायची सोय नव्हती आणि जागाही कुणी देत नव्हतं.

दुसरा बदल घरात झाला. चाळी, मग फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये ओटा. उभ्यानं स्वयंपाक सुरू झाला. ओट्यावर मोरळी चालत नाही, पाय कुठे ठेवणार? मोरळी सिंकखाली गेली आणि ओट्यावर स्टीलची सुरी आली. हे न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये काढलं आणि त्याच गावच्या कारागिरांनी त्याच्या सुऱ्या केल्या. खाऱ्या हवेत आमच्यासारख्यांना ते वरदानच होतं, नाही कशाला म्हणू? कोयती रात्री तेल न लावता ठेवली की सकाळी तांबूस व्हायची. स्टीलला ती भीती नाही. पण या सुरीबरोबर पहिल्यांदा मूठही बाहेरून आली. प्लॅस्टिकची, साच्यातली, बाईचा हात न बघितलेली. मूठ गावची राहिली नाही, ती इथपासून.

याचा हिशेब मासळी बाजारात चुकता झाला. आमच्या बाजारात बसणाऱ्या बायका सकाळपासून दुपारपर्यंत मासे साफ करतात. खवले काढायचे, पोट फाडायचं, तुकड्या करायच्या. हात सतत ओला, वर माशाचा चिकटा. अशा हातात गोल, गुळगुळीत मूठ फिरते. मूठ फिरली की धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळत नाही. मग बाई आणखी आवळून धरते. दिवसभर आवळून धरल्यानं मनगट सुजतं, अंगठ्याचा सांधा दुखतो, रात्री बोटं उघडत नाहीत. दवाखान्यात सांगतात, काम कमी करा. काम कमी केलं तर घरात काय येणार ते दवाखाना सांगत नाही.

माझी आत्या त्यातलीच. मी आयटीआयमधून फिटर झालो, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागलो, आणि नव्वदच्या दशकात तो कारखाना बंद पडला. हातात कानस धरायची सवय होती, पावर हॅक्सॉची जुनी ब्लेडं भंगारात पडलेली होती, त्यातून मी घरच्यापुरत्या सुऱ्या घासून काढायला लागलो. त्याच सुमारास आत्याच्या हातातून बाजारात सुरी निसटली आणि अंगठा आणि बोटाच्या मधलं कातडं फाटलं. पाच टाके. जखम भरली, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. पन्नास वर्षांची बाई, विधवा, दोन मुलं शिकणारी. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मना नवी सुरी नको रं. मना धरता यायला पायजे."

मला लोहारकाकांचा दांडा आठवला. पण आत्याची बोटं पूर्ण आवळत नव्हती, दांड्यावरच्या खुणेचा उपयोग नव्हता. मग घट्ट कणकेचा गोळा एका पट्टीभोवती लावून तिला धरायला दिला. तिला दुखणार नाही इतकीच मूठ आवळायला सांगितली. कणकेवर बोटं उमटली. करंगळीची खूण सगळ्यात खोल, पहिल्या बोटाची जवळजवळ नाहीच. म्हणजे तिचा जोर करंगळीच्या बाजूला होता. मी मूठ मागे जाड आणि पुढे चपटी ठेवली, शेवटाला खाली आकडा ठेवला म्हणजे हात मागे सरकणार नाही. आडवा छेद अंड्यासारखा. डोळे मिटूनही धार खाली आहे हे तळव्याला कळतं ते त्यामुळेच. त्यावर आत्या पुढे अठरा वर्षं बाजारात बसली. मुलं शिकली. माझ्या कामाची जाहिरात तिनंच केली, शेजारच्या टोपलीवालीला कोयती हातात देऊन.

लाकडाचं सांगतो, कारण तोही गावचाच इतिहास आहे. खाडीतलं तिवर आम्ही तोडत नाही. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तिवर तोडायला बंदी घातली, आणि ती योग्यच आहे, तिवर गेलं तर मासळीची पोरं वाढणार कुठे? शिसव महाग. मी वापरतो ते मोडलेल्या होड्यांचं सागवान. पूर्वी सगळ्या होड्या लाकडी होत्या. आता फायबरच्या. लाकडी होडी दुरुस्तीला परवडेना झाली की तिच्या फळ्या सरपणात जायच्या, त्या मी मागून घ्यायला लागलो. तीस-चाळीस वर्षं खारं पाणी प्यालेलं आणि मासळीचं तेल मुरलेलं लाकूड. ते आता नव्यानं फुगतही नाही, आक्रसतही नाही. खिळ्यांच्या जागी काळे डाग असतात, तेवढा भाग टाळून तुकडा काढायचा. वर जवसाचं तेल तीन-चार हात. खोबरेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं. जवस हवेनं वाळून लाकडातच घट्ट होतं.

पातं आता मी निरनिराळ्या पोलादाचं करतो. कमानीचा पाटा, जुनी बेअरिंग, गिऱ्हाईक म्हणेल तर बाहेरून मागवलेली पट्टी. तापमान बघायला लोहचुंबक वापरतो. पोलाद साधारण ७७० अंशांच्या पुढे गेलं की चुंबक त्याला चिकटत नाही. मग आणखी थोडंसं तापवायचं आणि तेलात बुडवायचं. कमानीच्या पाट्याला पाण्यापेक्षा तेल बरं, पाण्यानं तडा जायचा धोका. थंड झालं की कानस फिरवून बघायची. कानस घसरली तर पातं कडक झालं, चावली तर परत भट्टीत.

शहरातली माणसं मला जपानी सुरीचे फोटो दाखवतात. त्यांना मी साकाईची गोष्ट सांगतो. ओसाकाजवळचं हे गाव. पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू पोचला आणि साकाईचे लोहार तंबाखू कापायच्या सुऱ्यांसाठी नावाजले. तेच पोर्तुगीज जे आमच्या बेलापूरच्या किल्ल्यात होते. पुढे १८७६ मध्ये जपान सरकारनं सामान्य माणसाला तलवार बाळगायला बंदी केली आणि पुष्कळ तलवारकारागीर स्वयंपाकाच्या सुरीकडे वळले. आपल्याकडे इंग्रजांचा हत्यार कायदा आला तो १८७८ चा. दोनच वर्षांचं अंतर. आपल्याकडच्या शिकलगारांनीही, ज्यांचं पिढीजात काम तलवारींना धार आणि चमक देणं होतं, सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला घेतली. फरक पुढे पडला. साकाईत पातं घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा, तिघांनाही कारागीर म्हणून मान. आपला शिकलगार खांद्यावर चाक घेऊन दारोदार फिरत राहिला. आणि साकाईची मूठ मुद्दाम साध्या हलक्या लाकडाची, तोंडाशी म्हशीच्या शिंगाची शेंबी. झिजली की काढून नवी बसवायची. पातं मोठं, मूठ बदलायची, असा तिथला विचार. आमचा लोहार उलट करायचा. बाईची मूठ तीच ठेवून झिजलेलं पातं बदलून द्यायचा.

हत्यार कायद्यावरून आठवलं. एकदा एक हवालदार चौकशीला आले. कुणीतरी सांगितलं होतं की इथे हत्यारं बनतात. मी त्यांना नियम दाखवला. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार परवान्याचं, पण घरकाम, शेती, उद्योग यांच्यासाठी केलेलं त्यातून वगळलंय. मासळीच्या कोयतीचं पातं दोन इंचांहून रुंद असतंच. त्यांनी कोयती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "घरच्यांसाठी एक कराल का?" मी म्हटलं, वहिनींना घेऊन या, हात बघायला लागतो.

माझे दोन भाव आहेत. शहरातल्या गिऱ्हाइकाला पूर्ण किंमत, कारण एका सुरीला तीन-चार दिवस जातात. बाजारातल्या बायकांकडून फक्त मालाचे पैसे, वर सणासुदीला त्या मासळीचा वाटा पाठवतात. कुणी म्हणतं हा धंदा नाही. असेल. पण शहरातला माणूस सुरी भिंतीवर लावतो, कधी कधी वर्षभर वापरत नाही. बाजारातली कोयती रोज सहा तास चालते. माझी मूठ बरोबर आहे की नाही हे मला कळतं ते तिच्याकडूनच.

यापुढचं अवघड आहे. लाकडी होड्या आता मोजक्याच. खाडीत मासळीही पूर्वीसारखी नाही, पुष्कळ बायका बाहेरच्या बंदरांतला माल आणून विकतात. माझ्याकडे शिकायला दोन मुलं येतात, त्यांना घडाई आवडते, ठिणग्या आवडतात. कणकेचा गोळा घेऊन बाजारात जायला कंटाळतात. मी त्यांना सांगतो, पोलाद विकत मिळतं, भट्टी गॅसवर होते, धार लावायचं मशीन येतं. आवळलेल्या हाताकडे बघायला मात्र जावंच लागतं.

आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या पावसाळ्याआधी तिची सून तीच कोयती घेऊन आली. पातं झिजून बोटभर उरलेलं. "भावजी, पातं नवं घाला. मूठ ऱ्हाऊं द्या." मी तिला मूठ धरायला सांगितली. तिचा हात लहान, बोटं सगळी नीट मिटणारी. आत्याच्या करंगळीसाठी ठेवलेली जाडी तिच्या हातात अडत होती. मी म्हटलं, हिला तासतो थोडी, नाहीतर दुखेल. ती नको म्हणाली.

मी पातं बदललं आणि मुठीला हात लावला नाही. त्याबरोबर तिच्या मापाची दुसरी कोयती करून दिली, तिनं ती ठेवून घेतली. बाजारात ती नव्या कोयतीनं काम करते. जुनी फळीच्या कोपऱ्यात असते, आणि गर्दी ओसरली की शेवटचे एक-दोन मासे ती तिनं कापते.